९४ रोल, एक वही आणि सात महिने

डबाभर जुन्या निगेटिव्ह डिजिटल करायला घेतल्या तेव्हा वाटलं होतं, चांगलं यंत्र मिळालं की काम झालं. सात महिन्यांनी वेळेचा हिशेब मांडला, तर कॅमेऱ्यासमोर गेलेला वेळ एकूण वेळेच्या पावभागही नव्हता. बाकीचा सगळा गेला धूळ उडवण्यात, क्रमांक देण्यात, तारखा लावण्यात आणि ‘हे नक्की कोण?’ या प्रश्नात. ज्यांच्या कपाटात असाच एखादा डबा पडून आहे त्यांच्यासाठी जे घडलं ते त्याच क्रमाने लिहितो आहे. चुकांसकट.

जानेवारीचे पहिले तीन आठवडे एकाही फ्रेमला हात लावला नाही, फक्त मोजदाद केली. ७१ रोल छत्तीस फ्रेमचे, २३ रोल चोवीसचे. म्हणजे ढोबळमानाने ३,१०८ फ्रेम. एक जाड वही घेतली आणि रकाने आखले: रोल क्रमांक, पाकिटावरचा मजकूर, फिल्मच्या कडेला छापलेलं नाव, पट्ट्या किती, अवस्था कशी, आणि शेवटी एक रुंद रकाना, ‘शंका’. हा शेवटचा रकाना पुढे सगळ्यांत जास्त भरला.

पहिली चूक इथेच झाली. कृष्णधवल रोल वेगळे काढावेत म्हणून पहिली पंधराएक पाकिटं डब्यातून उचलून दोन ढिगांत टाकली. पाकिटं ज्या क्रमाने डब्यात पडलेली असतात तो क्रम हाच एक पुरावा असतो, हे उशिरा लक्षात आलं. तारीख नसलेलं पाकीट तारीख असलेल्या दोन पाकिटांच्या मध्ये सापडलं, तर निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. तो क्रम परत जुळवायला दोन संध्याकाळी गेल्या आणि तीन रोलांची जागा शेवटपर्यंत कळली नाही. तेव्हा डबा उघडला की आधी वरून फोटो काढा, मग पाकिटं आहेत त्याच क्रमाने त्यांना आकडे द्या. वर्गवारी नंतर वहीत करता येते.

पाकिटावरचा मजकूर वहीत जसाच्या तसा उतरवा, उघड चुकीचा वाटला तरी. दुरुस्ती शेजारच्या रकान्यात. क्रमांक लिहायचा तो पेन्सिलीने आणि पाकीट रिकामं करून. निगेटिव्ह आत असताना वरून लिहिलं तर टोकाचा दाब फिल्मवर उमटतो.

अवस्था तपासताना नाक आणि बोटं दोन्ही वापरावी लागतात. दोन रोलांची पाकिटं उघडताच आंबट, व्हिनेगरसारखा वास आला. फिल्मचा पाया सेल्युलोज अॅसिटेटचा असेल तर तो विघटित होताना अॅसिटिक अॅसिड सुटतं, आणि ते अॅसिडच पुढच्या विघटनाचा वेग वाढवतं. बंद डब्यात ही वाफ शेजारच्या फिल्मलाही बाधते. असे रोल त्याच दिवशी वेगळे करायचे, हवा खेळेल अशा कागदी पाकिटात ठेवायचे आणि स्कॅनिंगच्या रांगेत सर्वांत पुढे घ्यायचे. एकदा फिल्म आक्रसून तिला सुरकुत्या पडल्या की ती होल्डरमध्ये सपाट बसतच नाही.

काही पट्ट्या पीव्हीसीच्या मऊ, चिकट स्लीव्हमध्ये होत्या. पीव्हीसी लवचीक करायला घातलेली द्रव्यं वर्षानुवर्षांनी बाहेर येतात आणि फिल्मला चिकटतात. अशी पट्टी ओढायची नाही, स्लीव्हच कापून उघडायची. नवे स्लीव्ह पॉलिप्रॉपिलीन, पॉलिएस्टर किंवा आम्लरहित कागदाचे घ्या. गुंडाळी होऊन बसलेल्या पट्ट्या नव्या स्लीव्हमध्ये घालून जड पुस्तकांखाली ठेवल्या. तीन आठवड्यांत त्या बऱ्यापैकी सरळ झाल्या. ही वाट पाहणं फुकट जात नाही, तेवढ्या काळात वही पूर्ण होते.

फेब्रुवारी साधनं जमवण्यात आणि चाचण्यांत गेला. आधी फ्लॅटबेड स्कॅनर वापरून पाहिला. खोक्यावर ६४०० डीपीआय (एका इंचात मोजलेले बिंदू) लिहिलेलं असतं, पण तो आकडा सेन्सरच्या पावलांचा. भिंगातून प्रत्यक्षात उतरणारा तपशील त्याच्या निम्म्यालाही पोचत नाही. मोठ्या आकाराच्या निगेटिव्हला आणि कागदी प्रिंटला तो पुरतो. ३५ मिमीच्या २४ × ३६ मिलिमीटर फ्रेमसाठी मात्र कॅमेरा, मॅक्रो लेन्स (अगदी जवळून फोटो काढायची) आणि खालून प्रकाश ही जोडणी सरस निघाली. वेळेतही फरक मोठा: स्कॅनरला एका फ्रेमला मिनिटं लागतात, कॅमेऱ्याला सेकंद.

इथे एक हिशेब कामाचा आहे. सेन्सर फुल फ्रेम, म्हणजे फिल्मच्या फ्रेमएवढाच, असेल तर १:१ मोठेपणा लागतो, म्हणजे सेन्सरवरचं चित्र फिल्मवरच्याइतकंच. २३.५ मिमी रुंदीच्या लहान सेन्सरला ०.६५ पुरतो, म्हणजे अर्ध्या मोठेपणाची जुनी मॅक्रो लेन्सही एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स कॅमेऱ्यापासून पुढे नेणारी पोकळ नळी) लावून चालते. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात ६००० पिक्सेल ३६ मिलिमीटरवर पसरतात. कडेला थोडी जागा सोडली तरी साधारण ४००० पीपीआय (एका इंचात पिक्सेल) मिळतात. नेहमीच्या हातात धरून काढलेल्या फोटोंसाठी हे पुरून उरतं. यापुढे दिसते ती बहुतेक वेळा फिल्मची रवाळी आणि हात हलल्याची खूण.

छिद्रमान, म्हणजे लेन्समधून उजेड येण्याच्या भोकाचा आकार, ठरवताना मात्र फसायला झालं. ‘फोकसची खोली जास्त हवी’ म्हणून एफ/११ ठेवला (आकडा मोठा तितकं भोक लहान) आणि सगळे रोल किंचित मऊ दिसायला लागले. जवळून फोटो काढताना प्रत्यक्षातलं छिद्रमान लेन्सवरच्या आकड्याइतकं राहत नाही, त्याला (१ + मोठेपणा) ने गुणावं लागतं. ०.६५ वर एफ/११ म्हणजे एफ/१८ झाला, आणि तिथे विवर्तनाने (बारीक भोकातून उजेड पसरल्याने) धार बोथट होते. एफ/५.६ वर आणलं तेव्हा रवे स्वच्छ दिसले. पण त्या छिद्रमानाला फोकसची खोली एक मिलिमीटरही भरत नाही. म्हणून कॅमेरा फिल्मला अचूक समांतर असायला हवा. पाणसळ दोन्हीकडे ठेवून जमतं. त्याहून सोपी आणि नेमकी युक्ती आरशाची आहे. फिल्मच्या जागी सपाट आरसा ठेवा आणि लेन्समधून बघा. लेन्सचं प्रतिबिंब फ्रेमच्या बरोबर मध्यावर आलं की समांतर झालं. ही तपासणी रोज काम सुरू करताना करायची, कारण स्टँडला रात्रीत कोणाचा तरी धक्का लागतोच.

प्रकाशासाठी सुरुवातीला फोनचा पांढरा पडदा वापरून पाहिला. दोन तोटे: पडद्याचे पिक्सेल फोटोत जाळीसारखे येतात, आणि त्या पांढऱ्या रंगात वर्णपटाचे मोजकेच उंचवटे असतात, त्यामुळे रंग सावरता येत नाहीत. ९५ किंवा त्याहून जास्त सीआरआयचा (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) एलईडी पॅनेल घेतला आणि फिल्म त्याच्यापासून तीनेक सेंटिमीटर वर उचलली, म्हणजे पॅनेलवरची धूळ फोकसच्या बाहेर राहते. मंद केलेला एलईडी लुकलुकतो. इलेक्ट्रॉनिक शटरवर त्याचे आडवे पट्टे दिसले. उजेड पूर्ण ठेवून शटर १/१५ सेकंदाच्या आसपास आणलं तेव्हा ते गेले. आयएसओ १००, फाइल रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली), फोकस हाताने, दोन सेकंदांचा टायमर. खोलीत अंधार, आणि फिल्मभोवतीचा उघडा उजेड काळ्या कागदाने झाकलेला. हा कागद विसरलात तर लेन्समध्ये शिरलेल्या उजेडाने सगळी फ्रेम धुरकट होते, आणि दोष फिल्मचाच वाटतो.

खर्चाचं म्हणाल तर माझा अंदाज पूर्ण चुकला. वाटलं होतं लेन्स महाग पडेल. ती जुनी, हाताने फोकस करायची घेतली, आणि एकूण खर्चाच्या जेमतेम पावभागात बसली. निम्म्याहून जास्त गेले साठवणुकीच्या डिस्कांवर. उरलेल्यात पॅनेल, होल्डर, स्लीव्ह, ब्लोअर, हातमोजे. एकाच जागी काटकसर नको: होल्डर. पट्टी दोन्ही कडांनी घट्ट धरून सपाट ठेवणारा होल्डर नसेल तर मधली धार छान आणि कोपरे पुसट येतात. काचेखाली दाबायचा मोह होतो, पण चकचकीत बाजू गुळगुळीत काचेला टेकली की इंद्रधनुषी कडी उमटतात. त्यांना न्यूटनची कडी म्हणतात, आणि ती नंतर काढता येत नाहीत.

मार्चपासून खरं काम सुरू झालं. आठवड्याला चार ते पाच रोल. एका रोलाचा वेळ मोजून ठेवला होता: सफाई पंधरा मिनिटं, फोटो दहा मिनिटं, नोंदी आणि नावं देणं पन्नास मिनिटं. बसायच्या आधी एवढं ठाऊक असलं तर ‘आज दहा रोल उरकू’ असला संकल्प कोणी करणार नाही.

सफाईत सगळ्यांत उपयोगी वस्तू म्हणजे रबरी ब्लोअर. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचा बारीक शिंतोडा इमल्शनवर (चित्र असलेल्या थरावर) कायमचा राहतो. दाबाच्या हवेचा डबा तिरका झाला तर त्यातून द्रव उडतो, म्हणून तोही बाजूला ठेवला. बोटांचे डाग चकचकीत बाजूला असतील तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सुटणारं कापड, आणि एकाच दिशेने हलका हात. मॅट बाजू म्हणजे इमल्शन. तिला शक्यतो काहीच लावायचं नाही. रंगीत फिल्म पाण्यात बुडवायची नाही, कारण रंग टिकवणारं शेवटचं द्रव्य धुऊन जाऊ शकतं. कृष्णधवल फिल्मवर वाळलेल्या पाण्याचे डाग असतील तर वीस अंशांच्या आसपासच्या पाण्यात थोडं वेटिंग एजंट (पाणी थेंब न धरता निथळावं म्हणून घालायचं द्रव्य) घालून परत धुता येते. मी चार पट्ट्या धुतल्या, तीन सुधारल्या. चौथीवर बुरशीने इमल्शनच खाल्लं होतं, ती पाण्यात टाकायलाच नको होती. बुरशीने पोखरलेलं जिलेटिन पाण्यात विरघळायला लागतं.

स्कॅनरमधल्या इन्फ्रारेड धूळसफाईबद्दल बरंच चांगलं ऐकायला मिळतं. ते रंगीत निगेटिव्हसाठी खरं आहे, कारण रंगद्रव्यांतून इन्फ्रारेड आरपार जातं आणि फक्त धूळ अडते. पारंपरिक कृष्णधवल फिल्ममध्ये चित्रच चांदीच्या कणांचं असतं आणि चांदी इन्फ्रारेड अडवते. तिथे यंत्र चित्रालाच धूळ समजून पुसायला लागतं.

फिल्म कोणत्या बाजूने ठेवली हे कळायला कडेची अक्षरं बघायची. ती सरळ वाचता आली तर चकचकीत बाजू तुमच्याकडे आहे आणि चित्र डावं-उजवं बरोबर आहे. रोल क्रमांक २२ पूर्ण उलटा काढला गेला आणि दोन आठवड्यांनी एका फ्रेममधल्या घड्याळाच्या आकड्यांवरून ते कळलं. फिरवून घेता येतं, पण पुढचे सगळे रोल परत तपासावे लागले.

रंगीत निगेटिव्हचा नारिंगी रंग नव्या माणसाला घाबरवतो. तो दोष नसतो. फिल्ममधली रंगद्रव्यं शुद्ध नसतात, नको त्या रंगाचाही थोडा प्रकाश शोषतात, आणि ती चूक भरून काढण्यासाठी हा मुखवटा मुद्दाम घातलेला असतो. तो निळा प्रकाश अडवतो, म्हणून निळी वाहिनी (चित्रातला निळ्या रंगाचा भाग) नेहमी अशक्त येते. फोटो काढताना उजेड एवढा घ्यायचा की हिस्टोग्राममध्ये (उजेडाच्या वाटणीच्या आलेखात) लाल वाहिनी उजव्या कडेला जवळजवळ टेकेल, पण कापली जाणार नाही. मग दोन फ्रेमच्या मधल्या कोऱ्या पट्टीवर व्हाइट बॅलन्स (पांढरं कशाला मानायचं ते) घ्यायचा, ती पट्टी कापून टाकायची, वक्र (उजळ-गडद बदलायची रेषा) उलटा करायचा, आणि लाल, हिरवा, निळा अशा तिन्ही वाहिन्यांचे काळे-पांढरे बिंदू वेगवेगळे लावायचे. वक्र उलटला की बाकीचे स्लायडरही उलटे चालतात. उजळ करायला गेलं की गडद होतं, आणि हाताला याची सवय व्हायला आठवडा लागतो. एका रोलाला मुखवटा एकच असल्याने एका फ्रेमवरचं काम सगळ्या रोलाला लावता येतं.

जुन्या रोलांत सावल्या हिरव्या आणि उजळ भाग किरमिजी, असं एकाच वेळी दिसतं. रंगद्रव्यं वेगवेगळ्या गतीने उडाल्याचा हा परिणाम. अशा एका फ्रेमवर पाऊण तास घालवून मी थांबलो. चेहरे ठीक दिसले की पुढे जायचं, एवढा एकच नियम ठेवला.

एप्रिलमध्ये जागा संपली. पहिले बारा रोल उत्साहाने १६ बिट टिफमध्ये (न दाबलेल्या, मोठ्या फाइलींत) काढले होते. २४ मेगापिक्सेल गुणिले तीन वाहिन्या गुणिले दोन बाइट, म्हणजे एक फ्रेम १४४ एमबी आणि छत्तीसचा रोल पाच जीबीच्या वर. सगळ्या डब्याचे ४४७ जीबी झाले असते. रॉ फाइल जवळपास २८ एमबीची, म्हणजे सगळ्या मिळून ८७ जीबी. तेव्हा रॉ हीच मूळ प्रत ठरवली, बघायला जेपेग, आणि टिफ फक्त मोठं छापायच्या निवडक फ्रेमची.

मे आणि जून तारखांनी खाल्ला. कॅमेऱ्याने निगेटिव्हचा फोटो काढला की एक्झिफमध्ये (फाइलीत कॅमेऱ्याने लिहिलेल्या माहितीत) आजची तारीख बसते, आणि तीस वर्षांपूर्वीचे फोटो गॅलरीत कालच्या भाजीच्या यादीच्या फोटोशेजारी येऊन बसतात. एक्झिफमध्ये तारखेचे तीन रकाने असतात: मूळ फोटो काढल्याची, डिजिटल केल्याची, आणि फाइल बदलल्याची. पहिल्यात फिल्मची तारीख, दुसऱ्यात स्कॅनिंगची. एक्झिफटूल नावाच्या मोफत प्रोग्रामने पूर्ण रोल एका आज्ञेत बदलता येतो. आधी फोल्डरची प्रत काढा आणि मगच आज्ञा द्या.

फक्त वर्ष माहीत असेल तर? एक्सएमपीमध्ये (फोटोची माहिती लिहायच्या दुसऱ्या पद्धतीत) नुसतं वर्ष लिहिता येतं, पण एक्झिफच्या रकान्यात दिवस-महिना शून्य टाकला तर बरेच प्रोग्राम तो नाकारतात. म्हणून वर्षच माहीत असलेल्या सगळ्या फ्रेमना १ जानेवारी, दुपारी १२ ही तारीख दिली आणि मथळ्याची सुरुवात ‘अंदाजे’ या शब्दाने केली. ‘अंदाजे’ शोधलं की सगळ्या संशयित फ्रेम एकत्र दिसतात. १९७०च्या आधीच्या फोटोंची वेगळी तपासणी करा. बऱ्याच संगणकप्रणाली वेळ १ जानेवारी १९७०पासूनच्या सेकंदांत मोजतात, आणि काही प्रोग्राम त्याआधीच्या तारखांना अडखळतात.

तारीख शोधताना सण-समारंभांच्या फोटोंपेक्षा रिकाम्या, बिनकामाच्या फ्रेम जास्त उपयोगी पडल्या. रोल संपवायला म्हणून काढलेली शेवटची दोन-तीन चित्रं: भिंतीवरचं कॅलेंडर, टेबलावरचं वर्तमानपत्र, खिडकीतून दिसणारी अर्धी बांधलेली इमारत. समारंभात सगळे कॅमेऱ्याकडे बघून हसतात आणि मागे पडदा असतो. त्यावरून वर्ष कसं सांगणार? अशा शेवटच्या फ्रेम फुकट गेल्या म्हणून स्कॅनमधून वगळू नका. सुरुवातीच्या काही रोलांत त्या वगळल्या होत्या, परत जाऊन काढाव्या लागल्या.

फाइलची नावं साधी ठेवली: एक रोमन अक्षर, तीन आकडी रोल क्रमांक, फिल्मच्या कडेवरचा फ्रेम क्रमांक. नावात प्रसंग घातला नाही, कारण प्रसंग चुकीचा निघाला की नाव बदलावं लागतं आणि वहीतला दुवा तुटतो. देवनागरीत नावं देऊन पाहिली होती. ‘किनाऱ्यावर’मधला ‘ऱ’ युनिकोडमध्ये (संगणकावरच्या अक्षरांच्या प्रमाणात) दोन प्रकारे लिहिता येतो: एकसंध, किंवा ‘र’ अधिक नुक्ता (अक्षराखालचं टिंब). काही प्रणाली साठवताना एकाचं दुसऱ्यात रूपांतर करतात. डोळ्यांना सारखीच दिसणारी दोन नावं तुलना करणाऱ्या प्रोग्रामला वेगळी वाटली आणि एक फोल्डर दोनदा साठला. मथळे आणि नावंगावं मात्र देवनागरीतच लिहिली, एक्सएमपीच्या रकान्यांत. आयपीटीसी या जुन्या पद्धतीच्या रकान्यांत लिहिलेली देवनागरी काही प्रोग्राममध्ये प्रश्नचिन्हांची रांग होऊन दिसते.

माणसं ओळखण्यासाठी जेपेग पाठवून ‘हे कोण?’ विचारणं फारसं चाललं नाही. उत्तर येतं ‘किती छान फोटो!’ छापील पानावर बारा-बारा चित्रं, खाली क्रमांक आणि कोरी रेघ, शेजारी पेन्सिल, असं समोर ठेवलं तर लोक लिहितात. वाकून बघतात, एकमेकांना खोडतात. दोघांची उत्तरं वेगळी आली तर दोन्ही उतरवा, कोणी सांगितलं त्यासह. हे काम मी जूनमध्ये केलं. जानेवारीतच करायला हवं होतं. फिल्म आणखी दहा वर्षं थांबली असती. ज्यांना चेहरे माहीत आहेत त्या माणसांचं तसं नाही.

जुलैत प्रती केल्या. तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमं, एक प्रत दुसऱ्या पत्त्यावर, हा पीटर क्रोग या छायाचित्रकाराने रूढ केलेला नियम पाळला. प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइल जराही बदलली की बदलणारा आकडा) काढून यादी डिस्कवरच ठेवली, म्हणजे वर्षाने परत काढून ताडता येईल. आपोआप सिंक होणारी जागा प्रत म्हणून मोजली नाही, कारण इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं. एकदा दुसऱ्या डिस्कवरून एक पूर्ण रोल परत आणून उघडून पाहिला. त्यात नोंदी असलेल्या एक्सएमपीच्या फाइली आल्याच नव्हत्या. कॉपी करताना फक्त चित्रांचे प्रकार निवडले गेले होते. दोन महिन्यांच्या नोंदी एकाच डिस्कवर होत्या हे तेव्हा कळलं.

निगेटिव्ह फेकलेल्या नाहीत. नव्या स्लीव्हमध्ये, उभ्या, थंड आणि कोरड्या जागी, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवल्या आहेत; आर्द्रता साठ टक्क्यांच्या खाली राहावी म्हणून शेजारी छोटा मापक आहे. आंबट वासाचे दोन रोल वेगळ्या खोक्यात. वहीचीही सगळी पानं फोटो काढून त्याच डिस्कवर ठेवली. ‘शंका’च्या रकान्यात अजून ६१ नोंदी उघड्या आहेत. त्यातली एक रोल ५८ची: चोवीस फ्रेम, सगळ्यांत एकच जिना, एकही माणूस नाही. छापील पान अजून टेबलावर आहे, पेन्सिलीसकट.